बंद विमानतळावरून वच्छलेस

अखंड सौभाग्यवती वच्छला गुणवंतराव कामडे हीस,

अनेक आशीर्वाद. (तू जाऊन वर्ष झाले असले, तरी तुझे सौभाग्य म्हणजे मी, आणि मी अद्याप अखंड आहे, सबब मायना बदललेला नाही.) तुझे गुडघे आता दुखत नसावेत, असे गृहीत धरतो. माझी प्रकृती बोटीने बिघडवली. संत्र्याचा आंबिया बहार बरा असून बागेकडे आपली लेक मीना पाहते.

पत्रास कारण तुझा दहावा. जाम नदीच्या काठी पिंड ठेवून मी तुला एकूण अकरा वचने दिली. कावळा फांदीवरून हलला नाही. तेवढ्यात तुझे कॉलेजातील सहाध्यायी, या बेटावरच्या विमानतळावर नोकरी केलेले मधुकरराव (ज्यांची येथली रंगीत छायाचित्रे दर दिवाळीला येत व तू ती फ्रिजवर लावीत असस) पुढे झाले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वच्छला, सरायले आमचं विमानतळ दाखवून आणतो. जेवून घे आता." कावळ्याने शीतही शिल्लक ठेवले नाही. शेजारच्या भैय्याजींनी सर्वांसमक्ष निष्कर्ष काढला, "सर, वहिनीचा जीव तं भलतीकडंच अटकून होता." अडतीस वर्षांच्या संसारानंतर हे ऐकून घ्यावे लागले. वर्षभर मला त्या वाक्याने जेवण गेले नाही.

दर हिवाळ्यात तू "एकदा बेटावर जाऊ" म्हणायचीस आणि मी संत्र्याचा तोडा पुढे करायचो. विमानप्रवासाला माझा तात्त्विक विरोध आहे, हे तू जाणतेस. म्हणून रेल्वे आणि बोट मिळून सहा दिवस खर्चून, तुझी तसबीर पिशवीत घेऊन आज येथे पोहोचलो, तर विमानतळ बंद. कालपरवापासून नव्हे, नऊ वर्षांपासून. धावपट्टीवर शेळ्या चरतात आणि निवृत्त मधुकरराव इमारतीची राखण करतात. मला मनापासून आनंद झाला, हे लपवीत नाही. खोटे वचन देऊन कावळ्याला फसवणाऱ्या गृहस्थाला मी दारातच मुद्देसूद सुनावले (तर्कशास्त्र बत्तीस वर्षे शिकवल्याचा उपयोग झाला).

त्यांनी ऐकून घेतले, प्रतीक्षालय उघडले, दोन खुर्च्या पुसल्या आणि म्हणाले, "तिले माहीत होतं न सर. बंद पडलं तवाच मी फोन केला होता. तं ती म्हणे, बेस झालं, आता आमचे सर येतीन. विमान दिसलं का त्यायच्या पोटात गोळा येते, पण सांगत नाहीत." एवढे बोलून किल्ल्या माझ्या हातात ठेवून ते शेळ्या हाकायला गेले.

वच्छला, ते मी खरोखरच कोणाला सांगितले नव्हते. तुलाही नाही.

खिडकीजवळची खुर्ची तुला दिली. दोन तास बसलो. समोर समुद्र होता, आकाशात काही नव्हते. मला अतिशय बरे वाटले. तथापि माझ्या पोटातील गोळा तुला ठाऊक होता, ही माहिती मधुकररावांना नऊ वर्षांपूर्वी आणि मला आज, या क्रमाला माझा आक्षेप कायम आहे.

तुझा,
गुणवंत

ता. क. यापुढे काही हवे असल्यास थेट मला सांगावे, मध्यस्थ नको. स्वप्नात येण्यास हरकत नाही. मी दुपारी दोन ते चार झोपतो.

पुन्हा ता. क. दार लावले, कुलूप दोनदा ओढून पाहिले, किल्ल्या मधुकररावांना परत केल्या.