एकोणिसाव्या घराची ओळ

३ फेब्रुवारी
आजपासून गोव्यात साखळी गावात नोकरी! ऑफिसच्या खालीच पावाची भट्टी. चौथा महिना चालू, त्यामुळे पावाचा वास तेवढा सोसतो, बाकी सगळ्याने मळमळतं. काम एका देवस्थानाच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाचा हक्क असलेल्या घराण्यांच्या, वंशावळींचं: नाव टाकलं की घर, मुलगे, नातवंडं धुंडाळून ते सापडलं पाहिजे. मालक गोकुळदासबाब चहा पाजून म्हणाले, आधीच्या कृष्णनाथाने केलेलं जावास्क्रिप्ट तेवढं निस्तर गो.

४ फेब्रुवारी
शी! काय ही घाण! पिढीमागे एक लूप, असे सात लूप एकमेकांच्या पोटात. तोच मजकूर सात वेळा चिकटवलेला. आठवी पिढी आली की राम म्हटला! आठवड्याची खरकटी भांडी उपसतेय असं वाटलं.

५ फेब्रुवारी
सगळं फेकून दिलं. आता आठच ओळी: नावात शोधलेली अक्षरं आहेत का बघायचं, नसतील तर प्रत्येक मुलासाठी हेच फंक्शन पुन्हा बोलवायचं, मुलं संपली की थांबायचं. काय देखणं झालंय! कृष्णनाथाच्या जुन्या कोडमध्ये एक ओळ होती, एकोणीस नंबरचं घर आलं तर मागे फिर. कारण कुठे लिहिलेलं नाही. कचरा. उडवली.

६ फेब्रुवारी
नोंदी भरणाऱ्या सुमंगलाबाय ते ऐकून पांढऱ्याफटक पडल्या. एकोणीसवाल्यांचा निर्वंश झाला, देवाला गाऱ्हाणं घालताना सगळ्या घरांची नावं घेतात, ते घर गाळतात; हाक पोचली की ते वंश मागायला येतात म्हणे. मी हसले. चाचणी घेतली. त्या घरातल्या शेवटच्या माणसाखाली एक मूल निघालं. त्याच्याखाली आणखी एक. सुमंगलाबाय शपथ घेऊन सांगतात, त्यांनी भरलेलं नाही.

९ फेब्रुवारी
कुठलंही नाव टाका, शोध त्याच घरात शिरतो. मुलं संपतच नाहीत. एव्हाना प्रोग्राम कोसळायला हवा होता, कोसळत नाही. कळफलक चिकट. बोटांना कुजक्या मासळीचा वास, तीनदा साबण लावला तरी जात नाही. ओकले.

१० फेब्रुवारी
ओळ परत घातली. फाइल उघडली की ओळ नसतेच. कृष्णनाथाला फोन लावला, बायकोने उचलला. ती ओळ त्याने मूल गेल्यावर घातली होती, एवढंच बोलली —

१२ फेब्रुवारी
चोविसावी पिढी. नाव गौरवी. नवऱ्याने आणि मी बाळासाठी ठरवलेलं, कुणालाही न सांगितलेलं. आईच्या जागी मी. घर एकोणीस. जन्मतारीख कोरी —

१३ फेब्रुवारी
तारीख आली. आजची. आज कशी — अजून पाच महिने — कळ — खुर्ची ओली, तोच घाणेरडा वास, शी, माझ्याच — सुमंगलाबाय, बंद करा ते, ती माझी आहे, माझी —