उभी राहिली की थरथरते

नवागाम, सुरत
६ जानेवारी १९९६

ती. नानांस,
जयश्रीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटावर सवयीने ‘सौ.’ लिहून मग खोडलंत, ते दिसलं. मनाला लावून घेऊ नका, मला काही वाटलं नाही. हे गेल्याला तीन महिने होत आले, पण मला कशाचंच काही वाटत नाही. भाकरी थापते, धुणं धुते, कोणी बोललं तर उत्तर देते. रडू एकदाही आलं नाही. शेजारणी त्यावरून आपसात बोलतात.

लिहायचं कारण यांची अँबॅसिडर. धाकटे दीर योगराज भाऊजींनी पॉवरलूम सोडून हजीऱ्याच्या कारखान्यातल्या साहेबांना ने-आण करायचं यांचं काम पुढे चालवलंय. पण गाडी नीट नाही. सकाळी एका झटक्यात सुरू होते आणि दोन-तीन मिनिटांत धडधडायला लागते. पळताना बरी, उभी राहिली की थरथरते आणि रेल्वे फाटकावर बंदच पडते. इथले लोटू मिस्त्री प्लग साफ करून देतात. दोन दिवस बरे जातात, पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, गाडी रडस. साहेबांनी महिनाअखेरची मुदत दिलीय, नाहीतर दुसरी गाडी लावणार. मग भाऊजींना परत मागावर जावं लागेल. बारडोलीचे मगनभाई गाडी विकत मागताहेत. मी म्हटलं, देऊन टाका. भाऊजी उठून गाडी पुसायला गेले.

भाऊजी गुजराती शाळेत शिकलेले, म्हणून मराठीत मी लिहिते. एस.टी.च्या वर्कशॉपात तुम्ही जन्म काढलात, काही सुचलं तर कळवा. आईला नमस्कार. लेकीवरची माया आटू देऊ नका.

तुमची
जयश्री

अमळनेर
११ जानेवारी १९९६

चि. जयश्रीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्या आईने ते देवापाशी ठेवलं. मला अशा वेळी बोलताच येत नाही, हे तू जाणतेस. तेव्हा गाडीचंच लिहितो.

मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकणार, म्हणून उत्तरं नीट दे. थंड असताना बरी आणि तापल्यावर वाईट, की उलट? धूर काळा की निळा? पेट्रोलचा वास येतो का? प्लग विटकरी निघतात की काळे? निळा धूर असेल तर इंजिन ऑइल खातंय, मग विकलेली बरी. काळा असेल तर मगनभाईला खुशाल बारडोलीचा ऊस खात बसू दे.

गोपाळरावांनी गाडी घेतली तेव्हा आधी मला दाखवायला इथवर आणली होती. मी बोनेट उघडून दोन तास खोड काढत होतो आणि ते हसत उभे होते. एवढा शांत जावई मी पाहिला नाही. मला फार आठवण येते, पोरी.

पत्राला उशीर करू नको. म्हाताऱ्याची एवढी आठवण असू दे.

तुझे
नाना

नवागाम, सुरत
१७ जानेवारी १९९६

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

थंड असताना बरी, तापली की वाईट. धूर काळा. पेट्रोलचा वास ओट्यापर्यंत येतो. प्लग तव्याच्या बुडासारखे. हे सगळं भाऊजींनी सांगितलं, पण सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. लोटू मिस्त्रींकडे मी स्वतः गेले. गाडीत काही खराबी नाही वहिनी, एवढंच म्हणून ते दुसऱ्या गाडीखाली शिरले. सगळ्यांना माझी भीती वाटते की काय, कळत नाही.

संक्रांत झाली. गल्लीतल्या बायका वाण घेऊन माझ्या दारावरून पुढे गेल्या. भाऊजींनी तिळगूळ दिला, तो खाल्ला. गोड होता, एवढं कळलं.

जपून राहा, आणि लिहीत राहा.

तुमची
जयश्री

अमळनेर
२२ जानेवारी १९९६

चि. जयश्रीस,
अनेक आशीर्वाद.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! तुझ्या लोटू मिस्त्रीने प्लग घासून घासून झिजवले असतील. दोष प्लगांचा नाहीच. इंजिनात पेट्रोल जास्त जातंय.

समोर, स्टिअरिंगजवळ, चोकचं बटण असतं. थंड गाडीला ते बाहेर ओढायचं, म्हणजे पेट्रोल जास्त मिळतं. गाडी तापली की आत ढकलायचं. अर्धा इंच जरी बाहेर राहिलं तरी तेच पेट्रोल तिच्या घशाशी येतं. माझी पैज आहे, ते बटण पूर्ण आत जात नाही. कोणाला विचारू नको, तू स्वतः गाडीत बसून बघ. वर्कशॉपात माझा डबा घेऊन यायचीस तेव्हा तुला सगळे पाने ओळखता येत होते.

काय दिसलं ते लगेच कळव. माझा जीव तिकडेच आहे.

तुझे
नाना

नवागाम, सुरत
२८ जानेवारी १९९६

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन गाडीत यांच्या जागेवर बसले. बटण शोधावं लागलं नाही. त्याला काळा दोरा गुंडाळलेला आहे आणि तो मीच गुंडाळलाय.

यांना शेवटची अंघोळ घातली तेव्हा कमरेचा करगोटा तोडला. तो तापीत जायचा होता. कोणाचं लक्ष नसताना मी पदरात बांधून घेतला. तेरावं झाल्यावर गाडी पुन्हा काढायची म्हणून पूजा केली, तेव्हा हे बटण बाहेर आलेलं होतं. रोज सकाळी यांचा हात आधी तिथेच जायचा. मी त्याच्या दांडीला करगोटा घट्ट गुंडाळला आणि सात गाठी मारल्या. बटण पुन्हा आत जावं लागतं, हे मला कुठे माहीत होतं?

भाऊजींना हाक मारली. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, नाना. लोटू मिस्त्रींनीही पहिल्याच दिवशी ओळखलं आणि दोरा कापायला ब्लेड काढलं. भाऊजींनी त्यांना हात जोडले, म्हणाले, वहिनीने बांधलंय, राहू द्या. तेव्हापासून दोघं मिळून प्लग घासत होते. साहेबांची बोलणी खाल्ली, मागावर परत जायची तयारी ठेवली, पण मला एका शब्दाने काढ म्हणाले नाहीत.

गाठी सुटेनात, दातांनी सोडवल्या. भाऊजींनी गाडी सुरू केली. थोडी तापल्यावर मी बटण आत ढकललं आणि आवाज एकदम खाली आला. सकाळी हे दारात गाडी तापवत ठेवून चहाला आत यायचे, तेव्हा स्वयंपाकघरात यायचा तोच आवाज. मी कप घ्यायला उठणार होते, नाना. मग मला रडू आलं.

मगनभाईंना नाही म्हणून कळवलंय. करगोटा माझ्याजवळ आहे. तो सोडायला तापीवर तुमच्यासोबत जाईन, म्हणून आईला घेऊन या. भाऊजींनी मला गप्प हो म्हटलं नाही. माझं रडून होईपर्यंत ते बाजूला उभे राहिले, आणि गाडी त्यांनी बंद केली नाही.

वाट बघते.

तुमची
जयश्री