बुक्कासाठी दिलेली किल्ली

६ जानेवारी, सोमवार

जावंच लागणार! सकाळी चिन्मयीचा पुण्याहून फोन. डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलंय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते तर राहिलंच. 'आई, तू ये.' लेक रडायला लागल्यावर आणखी काय बोलणार? येते म्हटलं.

फोन ठेवला आणि आठवलं — बुक्का!

हे गेल्यापासून बोका हातमागाच्या खड्ड्यात बसून आहे. पायानं दाबायच्या पावड्यांच्या शेजारी, यांचे पाय जिथं असायचे तिथं. तीन महिने झाले. माझ्या हातून दोन घास खातो आणि पुन्हा तोंड फिरवून बसतो. पहिल्या आठवड्यात उचलून समोरच्या जयाबाईंकडे ठेवला होता, तासाभरात परत आला. म्हणजे त्याला कुठं नेणं नाही, कुणीतरी घरातच यायला हवं.

मला तरी दुसरं काय कळतं? मीही त्याच खोलीत बसून असते.

७ जानेवारी, मंगळवार

या घराला कुलूपच नाही! चाळीस वर्षांत आज ध्यानात आलं. विणकराच्या घरात कोणीतरी मागावर असतंच, कुलूप लावायची वेळ येते कुठं? मी शाळेत असायचे तेव्हा हे घरी, हे सूत आणायला गेले की सासूबाई.

चिन्मयी म्हणते आकड्यांचं कुलूप घे, जयाबाईंना नंबर सांग, झालं. नको गं बाई. किल्ली परत मागता येते. आकडा एकदा तोंडातून गेला की सगळ्या गल्लीचा.

शहापुरात जाऊन साधं कुलूप आणलं. दोन किल्ल्या. दुकानदार म्हणाला, 'बाई, कुठं गावाला?' मला हुंदकाच आला. कुलपाच्या दुकानात रडणारी मी पहिलीच असेन.

८ जानेवारी, बुधवार

जयाबाई तयार आहेत. माहेर निपाणीचं, विड्या वळून पोरं वाढवलेली बाई. सकाळ-संध्याकाळ येतील, दूध-भात घालतील, तासभर बसतील.

त्यांना नियम लिहून दिले. अकरा झाले! शेवटी मास्तरीणच मी. त्या म्हणाल्या, 'बाई, चष्म्याबिगर दिसत न्हाई, तोंडानंच सांगा.' मग दोनच सांगितले. एक — मागाला हात लावायचा नाही. दोन — किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही. 'शेजारी तर मुळीच नाही.'

शेजारी म्हणजे अंबाजीभावोजी, यांचे धाकटे भाऊ. बारा वर्षांचा अबोला. सासऱ्यांचे दोन हातमाग मोडून त्यांनी पॉवरलूम घातले, त्या दिवसापासून. हे म्हणायचे, बापाची हाडं सरपणाला दिली यानं. मधे भिंत घातली. भिंतीपलीकडून दिवसभर ती धडधड, आणि अलीकडे यांचा एक माग.

त्या मागावर यांचं लुगडं अर्धं आहे. गल्लीची रीत अशी की माग अर्धा टाकून माणूस गेला तर पाठच्या भावानं बसून पुरा करायचा आणि लुगडं गेलेल्याच्या बायकोला नेसवायचं. चौदाव्या दिवशी भावोजी दारात आले होते. 'वैनी, रीत हाय म्हणून आलतो.' मी दार लावलं. भाऊ जिवंत होता तेव्हा कुठं होती रीत?

ते अर्धंच राहू दे. यांच्या हाताचं जेवढं आहे तेवढंच मला हवंय.

१० जानेवारी, शुक्रवार

निघाले. एक किल्ली जयाबाईंकडे, एक माझ्या कमरेला. खड्ड्यात वाकून म्हटलं, येते रे. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

निपाणीला गाडी चहाला थांबली, तिथूनच फोन केला. 'बाई, आत्ता तर गेलासा!'

११ जानेवारी, शनिवार

खाल्लं नाही.

१२ जानेवारी, रविवार

आजही नाही. जयाबाईंनी सुकट आणली, बोटावर तूप लावून चाटवलं. 'तोंडच उघडीना झालाय बघा.'

चिन्मयी समोर पडून आहे, पोटावर हात ठेवून. तिच्यासमोर मांजरासाठी कसं रडायचं? न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

१३ जानेवारी, सोमवार

जयाबाईंनी जनावरांच्या डॉक्टरला घरी आणलं. त्यांनी सुई दिली. आणखी दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर लिव्हर जाईल म्हणाले. मला फोनवर दाखवला. पाठीची हाडं दिसतात.

यांचा तो बोका. यांच्या पायाशी वाढलेला. तोही गेला तर त्या घरात यांना ओळखणारं माझ्याशिवाय कोण उरणार?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मला आता वाण नाही.

खाल्लं!! सकाळी अर्धी वाटी! जयाबाई म्हणाल्या, 'खाल्लं खाल्लं, आता घोर करू नका,' आणि घाईनं फोन ठेवला. मी चिन्मयीच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि दोघी रडलो, हसलो.

१६ जानेवारी, गुरुवार

मुलगी झाली. पहाटे. दोघी सुखरूप. कपाळ यांचं. अगदी यांचं! यांना दाखवायला हवं होतं. तीन महिने थांबता आलं नाही?

१९ जानेवारी, रविवार

सगळं लिहून ठेवते.

दुपारी अवेळी फोन केला. जयाबाईंनी उचलला आणि मागे तो आवाज. खट्... खट्... पॉवरलूमचा नव्हे. माझ्या घरातला, माझ्या मागाचा. चाळीस वर्षं ऐकलाय मी!

'कोण बसलंय?'

'बाई... अंबाजीअण्णा. मीच दिली किल्ली. मांजार मरत हुतं—'

म्हणजे मांजराचं निमित्त झालं! चौदाव्या दिवशी जे जमलं नाही ते मी नसताना. पाच-सहा दिवसांत लुगडं संपतच आलं असेल. यांच्या हातावर त्यांचा हात.

म्हटलं, त्यांना द्या फोन. आणि बोलले. 'भावाच्या पोटावर पाय दिलात, आता त्याच्या शेवटच्या कामावरही दिलात. तुम्ही मेलात तरी मी दारात येणार नाही.' त्यांनी फोन परत जयाबाईंकडे दिला.

मग जयाबाईंना सांगितलं, कापा ते. 'पाप लागंल बाई, मागावरचं कापू नये.' कापा! मला त्यांच्या हाताचं लुगडं घरात नको. 'आवो, ऐका तरी—' मी फोन ठेवला.

२० जानेवारी, सोमवार

जयाबाईंचा दोन ओळींचा निरोप, कुणाकडून तरी लिहून घेतलेला. कापलं. घडी करून ट्रंकेवर ठेवलंय.

बरं झालं.

झोप नाही.

२५ जानेवारी, शनिवार

बुक्का खातोय म्हणे. मागाविषयी मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत. किल्ली परत मागायची तर जायलाच हवं. बाळ माझा अंगठा धरून झोपतं. तेवढाच वेळ डोक्यात काही नसतं.

२ फेब्रुवारी, रविवार

चिन्मयीच्या सासूबाई आल्या, मी निघाले. संध्याकाळी घरी पोचले. कुलूप मीच काढलं. बुक्का खड्ड्यातून वर आला, चक्क उंबऱ्यापर्यंत! अंग भरलंय, केस चमकतायत.

माग उघडा पडलाय. कापलेल्या ताण्याच्या उभ्या धाग्यांची टोकं खाली लोंबतायत. ट्रंकेवर घडी. धीर झाला नाही. दिवा लावून अंथरुणावर पडले.

३ फेब्रुवारी, सोमवार

घडी उघडली. काठावरचं शेवटचं रुईफूल अर्धं आहे. हे गेले त्या दुपारी ते तसंच अर्धं होतं, मी दिवसभर त्याच्याकडेच बघत बसले होते. त्याच्यापुढे एक धागा नाही.

जयाबाई किल्ली द्यायला आल्या. म्हणाल्या, 'अण्णांनी धोट्यातली सुताची कांडी आधीच काढून ठिवलीती. रिकामाच धोटा इकडनं तिकडं मारत हुते. नुसते पाय हलविले तर बोका उठंना, आवाज झाला तवा उठला अन् खाल्लं. भावाच्या कामात माझा धागा नको, म्हणाले.' मी विचारलं, आणि कापताना? 'त्यांनीच कापड धरलं, खाली पडू नये म्हणून. मी कात्री चालविली. त्येच्यानंतर बी रोज आले. उघड्या मागावर बसून पाय हलवायचे, मागाची फणी आपटायचे. काल सकाळीसुदिक.'

भिंतीपलीकडे आज पॉवरलूम बंद आहे. मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. काय तोंडानं हाक मारू?

बुक्कानं सकाळपासून खाल्लेलं नाही.