तुळशीजवळची जागा

अण्णा, सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलोय. अंगणात माती टाकून, चोपून खळं केलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. पण धड कुठलं व्हायला! ओल उतरायच्या आत जमीन चोपायला घेतली, आता तुळशीपासून पायरीपर्यंत ही भेग गेली आहे. "घाई कसली रे मेल्या, ओल उतरू दे की आधी," असं तुम्ही दरवर्षी ओरडायचात. ते आठवलं तेव्हा चोपणं हातातच होतं, तरी थांबलो नाही.

तुमच्या वेळी पाऊस सरला की शिवणाची मशिनं उचलून खळ्यातल्या मांडवाखाली यायची. पोफळीचे खांब, वर माडाचे झाप, आणि तुळशीजवळ पाट टाकून तुम्ही काजं करत बसलेले. कारागीर, आई, आम्ही पोरं, सगळ्यांची जेवणं तिथंच. मिरकरवाड्याची मासेवाली टोपली उतरवून टेकली की तुम्ही सुई खोचून ठेवून तिच्याशी खुशाल गप्पा मारता आहात, आणि मी इकडे चरफडतो आहे. कचेरीतल्या साहेबाचा पांढरा कोट, त्यावर तांबडी धूळ! तुम्ही शांतपणे म्हणालात, "धूळ झटकता येते रे. आत बसून आंबलेलं माणूस कसं झटकशील?" असा राग आला होता मला तुमचा!

तुमच्यामागे मी मशिनं आतल्या खोलीत नेली ती नेलीच. वारा नाही, उजेड नाही. कारागीर कात्रीवरून भांडायचे, पोर पांढरीफटक पडली, आणि मी येताजाता सगळ्यांवर खेकसायचो. तुमची सून सांगून सांगून थकली. यंदा दिवाळीला पोरीला घेऊन केळशीला माहेरी गेली, ती निघतानाच म्हणाली, "खळं करा, मग बोलवा. तुळशीच्या लग्नाला मांडव नसेल तर आम्ही काही येत नाही." मी म्हटलं, नका येऊ! बोलून बसलो, आणि मग घर खायला उठलं.

शेवटी चोपणं काढलं, निरोप धाडला. उलट निरोप काही आला नाही. आज तुळशीचं लग्न. दुपारच्या बोटीने आल्या तर आल्या. कारागीर मांडवाखाली शिवतायत. त्यांतला थोरला तर मघाशी चक्क गुणगुणत होता, इतक्या वर्षांत त्याचा गळा मी ऐकला नव्हता. मला मात्र बसवत नाही. मशीनवर बसतो, उठतो, रस्ता बघून येतो, भेग शेणाने लिंपतो, वाळली की ती पुन्हा दिसते. बंदरावर जाऊन उभं राहावं, तर त्या उतरल्याच नाहीत म्हणजे काय करू?

हा कागद काही कुठं जायचा नाही, म्हणून सांगतो. धुळीचं मी सगळ्यांना सांगत आलो, तुमच्या सुनेलासुद्धा. धुळीचं काही नव्हतं हो अण्णा. तुळशीजवळची तुमची जागा रिकामी बघायचा धीर नव्हता. आत्ता तिथं पोरीचा पाट मांडलाय. दोनदा उचलला, पुन्हा मांडला. बोटीचा भोंगा झाला. निघतो मी.