अपघाताआधीचा सम्यक

घाटकोपर,
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

प्रिय संघमित्राताई,
सप्रेम जय भीम.

आम्ही बरे आहोत. भाऊजींची शुगर आटोक्यात असेल. मुकुल स्कॉलरशिपला बसलाय, हे आईकडून कळलं. छान. खोटं कशाला बोलू, ऐकलं आणि मला जेवण गेलं नाही.

सम्यक पोटमाळ्यावरून पडला त्याला आठ महिने झाले. डोक्यावरचे टाके भरले, केस आले, पण लक्ष कुठेच टिकत नाही गं. दात घासायला जातो आणि नळाकडे बघत उभा राहतो. आता हॉस्पिटलच्या मॅडम तपासतायत. कॉम्प्युटरवर आकडे येतात, प्रत्येकाला बटण दाबायचं, फक्त तीन आला की हात आवरायचा. पहिली पाच मिनिटं पोरगा झकास! मग जो दाबत सुटला, वाट लागली.

मला एक फॉर्म दिला. अपघाताआधी मुलगा कसा होता? मी धडाधड भरला. दोन तास एका जागी बसायचा. पाढे न सांगता म्हणायचा. मॅडमनी गेल्या वर्षीचं प्रगतिपुस्तक शेजारी ठेवलं. बाईंचा शेरा : ‘सतत चुळबूळ करतो.’

“रतनताई, ही दोन वेगळी मुलं वाटतात,” म्हणाल्या.

वेगळीच होती. मी तुझा मुकुल लिहून आले होते.

तुझ्या शिकवणीत दोघं शेजारी बसायचे. माझ्या कार्ट्याचं लक्ष नसतं, हे तू तेव्हाही सांगायचीस आणि मी चिडायचे. वाटायचं, स्वतःचा गुणी म्हणून तोरा मिरवते. पोटमाळ्यावर दोघंही चढले होते ना? माझाच पडला. आयसीयूबाहेर तू माझा हात धरलास, तेव्हा मी मनात म्हणत होते, हिचा का नाही पडला? म्हणून तुझे फोन घेत नाही. तू काही केलं नाहीस. जळते मी, बस.

पण मुळात काय होतं आणि माराने काय गेलं, हे कळल्याशिवाय उपचार ठरणार नाहीत. रोज बघणाऱ्या माणसाने लिहायला हवं, म्हणतात. कोरा फॉर्म सोबत आहे. गुरुवारी द्यायचाय. किती वेळा उठायचा, काय विसरायचा, सगळं लिही. मला राग आला तरी चालेल.

तू माझ्या पोराकडे बघायचीस, ताई. मी तुझ्याच पोराकडे बघत राहिले.

तुझी,
रतन