नात उभी राहिली नाही

नातवंडांच्या आजोबांना प्रभूमध्ये सलाम,

मी इथं लेकीकडे धडधाकट आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना?

लेकीनं फोनवर रडून सांगितलंच असेल. दृढीकरणाच्या दिवशी बाकीची पोरं उभी राहून येशूवरचा आपला विश्वास कबूल करत होती; आपल्या नातीनं मात्र भर देवळात पाळकसाहेबांना सांगितलं, "उत्तरं पाठ आहेत, पण मला अजून तसं वाटत नाही. खोटं कसं बोलू?" आणि जागेवर जाऊन बसली. जेवणाला साठ माणसं बोलावलेली. जावई म्हणाले, "नाक कापलं." मी म्हटलं, "लग्न नि मयत सोडून तुम्ही देवळात दिसत नाही, तुमचं नाक तिथं होतं कधी?"

तुम्ही चर्चच्या मंडळीचे पंच, रागानं पत्र लिहायला बसाल. बसू नका. त्या वयात मी सगळं पोपटासारखं म्हटलं, लक्ष नव्या चपलांकडे. विश्वास आला तो पुढं, आपला धाकटा आजारी पडला तेव्हा. पोरगी निदान खरं बोलली.

काल विचारत होती, "आजी, तू रोज प्रार्थना करतेस, तो उत्तर देतो का गं?" म्हटलं, "तुझ्या आजोबांसारखा आहे. लवकर बोलत नाही, पण ऐकतो."

आज सकाळी मी प्रार्थनेला बसले, तर न बोलावता शेजारी येऊन बसली. मी एकेकाचं नाव घेत तिच्यापर्यंत आले, तशी म्हणाली, "माझं राहू दे, आजी. माझं मीच सांगते."

तुम्हाला त्याच्या हाती सोपवून,
तुमची घरची