नऊ शब्दांची भाषा

चिरंजीव धाकट्यास थोरल्या ताईचे आशीर्वाद. नवी कवळी नीट बसली का? माझा गुडघा आहे तसाच आहे. मी चालायचं म्हटलं की तो बसायचं म्हणतो. (हे सगळं माझी नात लिहून घेतेय. तिने पदरचं काही घुसडलं तर मला कळायचं नाही, तूच पारखून घे.)

पत्रास कारण, हिची भाषा. नोकरी सोडून दीड वर्षं ही घरात बसून कॉम्प्युटरला कामं सांगायची सोपी भाषा रचतेय. तुमच्या शाळेची कमिटी ती गुरुवारी बघणार. पसंत पडली तर ही तुमच्या गावी येऊन राहणार, पोरांना शिकवणार. नाही पडली तर परत परगावी त्याच ऑफिसात, जिथे ही जिन्यात जाऊन रडायची. तू कमिटीत आहेस म्हणून आधीच सांगते, लक्षण काही ठीक नाही.

सुरुवात झकास होती. शब्द मोजून नऊ. एका कामाला एकच शब्द, आणि यंत्राने मनाने काही ठरवायचं नाही. परीक्षेला मला बसवलं, कारण अक्षरओळख नसलेल्या आजीला जमलं तर कुणालाही जमेल. मी तोंडाने सांगायचं, हिने जसंच्या तसं टाइप करायचं. मी म्हटलं, कुंड्यांना पाणी घाल. हिने कॉम्प्युटरला जोडलेल्या बाल्कनीतल्या पंपाने घातलं. घालतच राहिला. खालच्या मजल्यावरचा शिंपी दोन ओले कोट घेऊन वर आला.

"एवढं न सांगता कळू नये त्याला?" मी म्हटलं.

"आजी, त्याने अंदाज बांधायचा नाही, तेच तर तत्त्व आहे. 'थांब' म्हणायचं."

मला 'थांब' नको होता, 'पुरे' हवा होता. तिने घातला. (झाले दहा.) मग मला 'जमलं तर' लागला. शिंप्याला 'उद्या' लागला (त्याचा धंदाच त्यावर). माझ्या सुनेने, म्हणजे हिच्या आईने, 'पुन्हा सांगायला लावू नकोस' मागून घेतला. मागेल त्याला ही देते. नाही म्हणणं तेवढं हिला जमत नाही. आज एकशे चाळीस झालेत. पाणी घालायचं तर ही स्वतःच आधी वही उघडते. काल टेबलावर डोकं टेकून म्हणाली, "सोपं करायला निघाले होते गं." मी पाठीवरून हात फिरवला. पंप चालूच होता.

ता. क. गुरुवारी हिच्याशी मऊ बोल. हेडमास्तरी आवाज घरी ठेवून जा.

आणखी ता. क. (अक्षर बदललंय, ते गुडघा चोळायला येणाऱ्या बाईंचं. नात बाल्कनी पुसतेय.) खरं सांगते, त्यातले साठेक शब्द मीच मागितलेत. एकाचीही गरज नव्हती. भाषा पुरी झाली की ही जाणार, तुमच्याकडे नाहीतर ऑफिसात. मग हिची पत्रं येतील आणि सून ती मला वाचून दाखवेल, भराभर, मधलं गाळून. तेव्हा कमिटीत एवढंच म्हण, भाषा उत्तम आहे, फक्त एक शब्द कमी पडतोय. एकच हं. जास्त मागू नकोस, पोरगी थकलीय.